दवबिंदूचे दव पुन्हा पुन्हा का आटते?

दवबिंदू (ड्रोसेरा) म्हणजे पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे पकडून खाणारी छोटी वनस्पती. नव्याने आणलेल्या दवबिंदूच्या रोपाबद्दल एकच तक्रार वारंवार ऐकू येते. पहिले तीन-चार आठवडे रोप छान दिसते, पानांवर चिकट थेंब चमकत असतात, एखादे चिलट अडकलेले पाहून घरातली मुले हरखून जातात. मग हळूहळू थेंब आटतात, पानांच्या कडा तपकिरी पडतात, मधली पालवी खुरटते आणि दोन-अडीच महिन्यांत रोप जाते. दुसरे रोप आणले, जागा बदलली, तरी तेच घडते. दोष हवेला दिला जातो: मुंबई-ठाण्याकडे उकाड्याला, पुणे-नाशिककडे कोरडेपणाला. मीही दोन वर्षे हवेलाच दोष देत होते आणि त्या काळात माझी तीन रोपे गेली. आज ठाण्यातल्या माझ्या पश्चिमेकडच्या गॅलरीत दवबिंदूच्या अकरा कुंड्या आहेत आणि त्यांतल्या सर्वांत जुन्या रोपाने चार उन्हाळे काढले आहेत. गॅलरी तीच आहे, ऊन तेच आहे. बदलले ते मुख्यतः पाणी. म्हणून या लेखात पाण्याविषयी सविस्तर लिहिले आहे आणि बाकीच्या गोष्टी त्यांच्या त्यांच्या मानाने घेतल्या आहेत.

आधी हवेचा विषय संपवू. दवबिंदू ही आपल्याकडे परकी वनस्पती नाही. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर, तसेच कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर, पावसाळ्यात दवबिंदूच्या दोन जाती उगवतात: जमिनीलगत लालसर चकतीसारखी पसरणारी ड्रोसेरा बर्मानी आणि गवतासारख्या अरुंद, लांब पानांची ड्रोसेरा इंडिका. ज्यांनी सड्यावर वाकून ही रोपे पाहिली आहेत त्यांना आठवेल की ती झाडाच्या सावलीत नसतात, खोल मातीत तर नसतातच. जांभ्यावर जेमतेम बोटभर जाडीचा थर, त्यातून दिवसरात्र झिरपणारे पाणी आणि डोक्यावर मोकळे आकाश, एवढ्यावर ती वाढतात. जांभा हा मुळात पावसाने युगानुयुगे धुऊन काढलेला दगड आहे. त्यातला चुना आणि विरघळणारे बहुतेक क्षार केव्हाच वाहून गेलेले असतात आणि लोह व ॲल्युमिनियम तेवढे मागे उरलेले असते. अशा निकस जागी नत्र मिळत नाही, म्हणून दवबिंदू ते किड्यांकडून घेतो. याचा दुसरा अर्थ आपण विसरतो. ज्या मुळांना क्षारांची कधी सवयच नव्हती, त्यांना आपल्या नळाचे आणि बोअरचे पाणी सोसत नाही.

रोप खरोखर आजारी आहे का?

उपाय करण्याआधी रोप नीट पाहणे आवश्यक आहे, कारण निम्म्या वेळा आजार नसतोच. दवबिंदूचे प्रत्येक पान काही आठवडेच जगते. कडेची जुनी पाने वाळून काळी होणे आणि मधून नवी येणे हा त्याचा नित्यक्रम आहे. म्हणून निदान नेहमी मधल्या पालवीवरून करावे, कडेच्या पानांवरून कधीही करू नये. उजेडाकडे धरून, शक्यतो भिंगातून, सर्वांत नवे उलगडलेले पान पाहावे. त्यावर टाचणीच्या डोक्यासारखी लाल बोंडे असलेले बारीक केस उभे असतात आणि प्रत्येक बोंडावर एक स्वच्छ थेंब असतो. काडेपेटीतल्या काडीचे टोक त्या थेंबाला लावून हलकेच मागे ओढले, तर निरोगी पानावरून कोळ्याच्या जाळ्यासारखा बारीक, चकाकणारा तंतू बोटभर लांब येतो. आजारी रोपात बोंड असते पण थेंब नसतो, किंवा असतो तो पाण्यासारखा असतो आणि त्याला तार येत नाही.

टपालाने आलेल्या रोपावर एकही थेंब नसतो आणि तसे असणे स्वाभाविकच आहे. तीन-चार दिवस ओल्या शेवाळात, अंधाऱ्या खोक्यात गुंडाळलेल्या रोपाचे थेंब खोक्यालाच लागून जातात. अशा रोपाची जुनी पाने पुन्हा चिकट होतीलच असे नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. दोन ते चार आठवड्यांत येणारी नवी पाने चिकट असली की रोप लागले असे समजावे. मुळांविषयीही एक गैरसमज आहे. दवबिंदूची मुळे मुळातच काळी असतात. खोके उघडल्यावर काळी मुळे पाहून ती कुजली असे समजून छाटून टाकल्याची उदाहरणे मला ठाऊक आहेत आणि दर वेळी ते ऐकून वाईट वाटते. कुजलेले मूळ बोटात धरताच लिबलिबीत लागते आणि त्याची साल सुटून येते; निरोगी मूळ काळे पण तारेसारखे ताठ असते.

पाणी

माझी तिन्ही रोपे मार्च ते मे या काळातच गेली, त्यामुळे ऊन हेच कारण असल्याविषयी मला शंका उरली नव्हती. चौथे रोप आणले तेव्हा मासे पाळणाऱ्या एका शेजाऱ्यांनी त्यांचा टीडीएस मीटर वापरायला दिला. पेनाएवढे हे यंत्र पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज पीपीएममध्ये, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये, दाखवते. पावसाळ्यात आमच्या नळाच्या पाण्याचा आकडा ६२ आला होता. मार्चमध्ये सहज पुन्हा मोजले, तर तो ४१० होता. चौकशी केल्यावर कळले की उन्हाळ्यात पाणीकपात सुरू झाली की सोसायटीच्या टाकीत बोअरचे आणि टँकरचे पाणी मिसळले जाते. ही व्यवस्था गैर नाही, माणसांना ते पाणी चालते. पण ज्या महिन्यांत ऊन वाढत होते नेमके त्याच महिन्यांत माझ्या रोपांना जड पाणी मिळत होते, आणि दोष मात्र मी उन्हाला देत होते.

हे पाणी रोपाला लगेच मारत नाही, म्हणूनच कारण लक्षात येत नाही. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दहा सेंटिमीटरची कुंडी पाण्याच्या बशीत ठेवली तर एप्रिलमध्ये माझ्याकडे आठवड्याला साधारण एक लिटर पाणी लागते. त्यातले जवळपास सगळे वाफ होऊन जाते. क्षार मात्र वाफ होत नाहीत, ते कुंडीतच राहतात. ४०० पीपीएमच्या एका लिटरात ४०० मिलिग्रॅम क्षार असतात. म्हणजे दहा आठवड्यांत त्या मूठभर मिश्रणात चार ग्रॅम, म्हणजे जवळजवळ पाऊण चहाचा चमचा क्षार साठले. रोप नेमके दोन-अडीच महिन्यांनीच का जाते, याचे उत्तर या आकड्यात आहे. तेच पाणी ३० पीपीएमचे असेल तर तेवढ्याच काळात पाव-अर्धा ग्रॅम साठतो आणि एका पावसाळ्यात धुऊनही निघतो. ५० पीपीएमच्या आतले पाणी निर्धास्तपणे वापरावे, १०० पर्यंत अधूनमधून चालते. त्यावरचे पाणी केवळ नाइलाज म्हणून, दोन-चार दिवसांपुरते वापरावे. कुंडीच्या काठावर किंवा मिश्रणाच्या पृष्ठभागावर पांढरट-पिवळसर कड धरलेली दिसली, तर मीटर नसतानाही निदान झाले असे समजावे.

घरगुती उपायांपैकी पुष्कळसे इथे उपयोगी पडत नाहीत. पाणी उकळून गार केल्याने जंतू मरतात, पण विरघळलेले बहुतेक क्षार पाण्यातच राहतात आणि पाणी आटल्याने उलट थोडे दाट होतात. तुरटी फिरवल्याने गाळ बसतो, परंतु तुरटी स्वतःच एक क्षार आहे. रात्रभर उघडे ठेवल्याने क्लोरीन उडून जाईल, क्षार जाणार नाहीत. कँडलचा फिल्टर गाळ अडवतो, विरघळलेले क्षार अडवत नाही. आरओ यंत्राचे पाणी चालेल असे वाटते, पण पुष्कळ यंत्रांत चवीसाठी शेवटी खनिजे परत मिसळलेली असतात, म्हणून ते मोजल्याशिवाय देऊ नये. आमच्या यंत्राचा आकडा ११० आला. त्याच यंत्राच्या बाजूच्या नळीतून जे पाणी वाया जाते ते काटकसर म्हणून कुंड्यांना घालण्याची सवय अनेक घरांत आहे. तुळशीला ते चालून जाईल. दवबिंदूला ते कधीही देऊ नये, कारण यंत्राने गाळून वेगळे केलेले क्षार त्याच पाण्यात असतात.

मग द्यावे कोणते? पहिला मान पावसाच्या पाण्याचा. पहिल्या दोन-तीन सरींनी छपरावरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा धुऊन जाऊ द्यावी आणि मग पत्र्याच्या पागोळ्यांखाली बादली ठेवावी. सिमेंटच्या गच्चीवरून आलेल्या पाण्यात चुना उतरतो, म्हणून मोजून पाहावे. झाकणाच्या कॅनमध्ये, अंधाऱ्या जागी हे पाणी पुढच्या जूनपर्यंत टिकते. एका लहान कुंडीला पावसाळ्यानंतर साधारण पंचवीस लिटर पुरतात. दुसरी सोय एअर कंडिशनरच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्याची आहे. हवेतली वाफ थंड होऊन बनलेले हे पाणी असल्यामुळे त्यात क्षार फार कमी असतात. जाळी स्वच्छ असावी आणि यंत्र सुरू झाल्यावरचे पहिले थोडे पाणी टाकून द्यावे. तिसरी सोय म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे पाणी, जे पाच लिटरच्या कॅनमध्ये पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळते. मागताना ‘डिस्टिल्ड वॉटर’ असेच मागावे आणि कॅनवरचे लेबल वाचावे, कारण त्याच दुकानात बॅटरीचे ॲसिडही तशाच कॅनमध्ये ठेवलेले असते.

क्षार साठलेली कुंडी वाचवता येते. कुंडी रिकाम्या बादलीवर धरून वरून, पानांना धक्का न लावता, पावसाचे पाणी अगदी सावकाश ओतावे आणि खालून निघणारे पाणी मोजावे. माझ्या चौथ्या रोपाच्या कुंडीतून निघालेल्या पहिल्या पेलाभर पाण्याचा आकडा ९०० च्या वर होता. दीड लिटर पाणी ओतल्यावर तो ८० वर आला. तीन दिवसांनी हेच पुन्हा केले. पाचव्या आठवड्यात मधल्या पालवीवर पहिले थेंब दिसले, आणि आज चार उन्हाळे काढलेले रोप ते हेच. तेव्हापासून महिन्यातून एकदा वरून पाणी ओतून कुंडी धुण्याचा नेम मी मोडलेला नाही, कारण बशीतले पाणी फक्त खालून वर चढते आणि सड्यावरच्या झिरपत्या पाण्यासारखे काही वाहून नेत नाही.

बशीत पाणी साठवायचे म्हटले की आपल्याकडे डासांचा प्रश्न येतोच, आणि डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. बशीत एक-दीड सेंटिमीटरच पाणी ठेवावे, ते आटल्यावर अर्धा दिवस जाऊ देऊन मगच पुन्हा भरावे, आणि आठवड्यातून एक दिवस बशी रिकामी करून घासून घ्यावी. महापालिका जो ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगते तो या बश्यांनाही लागू आहे. एका दिवसाने रोपाचे काही बिघडत नाही, मिश्रण ओले असले म्हणजे झाले. दवबिंदू डास खाईल या भरवशावर मात्र राहू नये. त्याच्या पानावर एखादा डास अडकेल, बशीतल्या अळ्या अडकणार नाहीत.

मिश्रण आणि कुंडी

पाण्याखालोखाल रोपे मरतात ती ‘पॉटिंग मिक्स’मुळे. रोपवाटिकेतल्या तयार मिश्रणात गांडूळखत, शेणखत, निंबोळी पेंड यांपैकी काहीतरी असतेच, आणि त्यांतले काहीही दवबिंदूच्या मुळांना नको असते. जीवामृत किंवा एनपीकेची दाणेदार खते घालून रोप सुधारेल असे वाटणे साहजिक आहे, कारण बाकीच्या सगळ्या झाडांना आपण तसेच वाढवतो. दवबिंदूच्या बाबतीत ती माया अंगाशी येते. खत न घातलेले पीट मॉस (दलदलीत अर्धवट कुजून साठलेले शेवाळ) आणि धुतलेले परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) समप्रमाणात, किंवा नुसते लांब धाग्याचे स्पॅग्नम मॉस (वाळवलेले दलदली शेवाळ), हे दोन पर्याय खात्रीचे आहेत.

पीट मॉस म्हणून कोकोपीट विकले जाण्याचा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की पिशवी उघडून पाहणे चांगले. कोकोपीटमध्ये नारळाचे आखूड, सोनेरी-तपकिरी तंतू दिसतात आणि ते चुरचुरीत लागते. पीट काळपट, मऊ आणि ओले झाल्यावर चिखलासारखे बसणारे असते. काथ्यासाठी नारळाची सोडणे बहुधा खाऱ्या पाण्यात मुरवलेली असल्यामुळे कोकोपीटमध्ये मीठ असते. दुसरे काही मिळाले नाही, तर ते बादलीत भिजवून, पिळून, पाणी बदलून पुन्हा भिजवावे आणि पिळलेल्या पाण्याचा आकडा १०० च्या खाली येईपर्यंत हे करत राहावे. मला एकदा सात वेळा पाणी बदलावे लागले. वाळू घालायची असेल तर समुद्राची कधीच घेऊ नये आणि नदीच्या वाळूवर लिंबू पिळून पाहावे. फेस आला तर तिच्यात शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा चुरा आहे.

कुंडी प्लास्टिकची, निदान दहा सेंटिमीटर खोल आणि शक्यतो पांढरी घ्यावी. सिमेंटच्या कुंडीतून चुना उतरतो आणि मातीच्या कुंडीच्या भिंतीत क्षार मुरत जातात.

ऊन आणि उकाडा

विकणारे बहुतेक जण ‘दमट जागी, सावलीत ठेवा’ असे सांगतात, म्हणून रोप न्हाणीघराच्या खिडकीत किंवा काचेच्या बरणीत जाते. तिथे त्याचे केस हिरवटच राहतात, पाने लांबट आणि लुळी होतात आणि थेंब लहान होत होत नाहीसे होतात. चिकट थेंब तयार करायला ऊर्जा लागते आणि ती उजेडातूनच येते. रोज चार तास थेट ऊन मिळाले की ड्रोसेरा स्पॅटुलाटा या जातीचे संपूर्ण रोप तांबूस होते आणि थेंब दुरूनही दिसतात. उन्हाची सवय मात्र सावकाश लावावी. पहिले चार दिवस नुसता उजेड, मग सकाळचे तासभर ऊन, मग दोन तास, असे करत पंधरा-वीस दिवस घ्यावेत. ऊन येतच नसेल तर पांढऱ्या एलईडीखाली, वीतभर अंतरावर, रोज बारा-चौदा तास ठेवल्यास रोप उत्तम वाढते.

दमटपणासाठी रोपावर बाटली किंवा प्लास्टिकची पिशवी घालणे हा पुण्याकडचा नेहमीचा उपाय आहे. नव्या रोपाला पहिला आठवडा, सावलीत, त्याचा उपयोग होतो. उन्हात ठेवलेल्या बाटलीत मात्र रोप अक्षरशः शिजते. पानांवर पाणी फवारूनही काही साधत नाही, उलट असलेला चीक धुऊन जातो. मुळाशी पाणी आणि वर ऊन असेल तर एप्रिलमधल्या कोरड्या हवेतही नव्या पानांवर थेंब टिकतात, दुपारी लहान होतात आणि पहाटे पुन्हा भरतात.

उकाड्याचा खरा त्रास पानांना नसून मुळांना होतो. मे महिन्यात दुपारी तीन वाजता माझ्या काळ्या कुंडीतल्या मिश्रणात तापमापक खुपसला तेव्हा ४३ अंश दिसले, आणि त्याच कठड्यावरच्या पांढऱ्या कुंडीत ३६. पश्चिमेचे ऊन असेल तर कुंडी तिच्याहून मोठ्या रिकाम्या कुंडीत बसवून मधल्या फटीत ओले मॉस भरावे आणि दुपारी दोननंतर वर पांढरे कापड किंवा हिरवी शेडनेट धरावी. दुपारी बशीत गार पाणी ओतण्याचा मोह आवरावा; पाणी सकाळी द्यावे.

तरीही जातीची निवड चुकली असेल तर एवढे करूनही मन लावून केलेले कष्ट वाया जातात. आपल्याकडे सर्वांत जास्त विकली जाणारी ड्रोसेरा कॅपेन्सिस दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातली आहे. तिला रात्रीचा गारवा हवा असतो. पुणे-नाशिकला ती बरी चालते; मुंबईत मे ते ऑक्टोबर ती जेमतेम तग धरते, थेंब कमी होतात, आणि नोव्हेंबरात पुन्हा उभारी घेते. तिचा मालक चुकलेला नसतो, त्याने धीर धरायचा असतो. किनारपट्टीवर नवशिक्यांनी स्पॅटुलाटा किंवा बर्मानीपासून सुरुवात करावी. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या वर्षावनातली ड्रोसेरा अडेलीला मात्र थेट ऊन नको, भरपूर उजेडाची सावली हवी.

पावसाळा

पाऊस सुरू झाला की दर वर्षी ‘रात्रीत सगळे दव गेले’ अशी तक्रार येते. ते पावसाने धुऊन नेलेले असते आणि दोन दिवस उघाड मिळाली की परत येते. चार्ल्स डार्विन यांनी १८६० पासून दवबिंदूवर जे प्रयोग केले आणि १८७५ मध्ये प्रसिद्ध केले, त्यांत पाण्याचे थेंब पडल्याने केस वाकत नाहीत हे त्यांनी नोंदवले आहे. वनस्पती पावसाला शिकार समजत नाही. खरा धोका मुसळधार सरींनी उडणाऱ्या मिश्रणाचा आहे, जे पानांवर आणि मधल्या कोंबात चिकटून बसते. म्हणून रोप उघड्यावर ठेवू नये. पारदर्शक पत्र्याखाली, पण वारा खेळेल असे ठेवावे. वारा नसेल तर मेलेल्या पानांवर करडी बुरशी धरते आणि तिथून कोंबाकडे सरकते. ही वाळलेली पाने चिमट्याने काढून टाकणे हे पावसाळ्यातले एकमेव नित्याचे काम आहे.

मधली पालवीच वाकडी येत असेल तर

पाणी मोजलेले आहे, ऊन आहे, तरीही नवी पाने आखडलेली, मुरडलेली आणि बिनथेंबाची येत असतील, तर भिंगातून कोंबाच्या तळाशी पाहावे. तिथे बहुतेक वेळा मावा असतो. किडे खाणाऱ्या झाडाला कीड लागते याचे नवल वाटते, पण अजून न उलगडलेल्या कोंबावर चीक नसतो आणि मावा नेमका तिथेच बसतो. मुंग्यांची ये-जा दिसली की संशय पक्का होतो. साबणाचे पाणी किंवा निंबोळी तेल मारू नये, त्याने केसांच्या बोंडांना इजा होते. संपूर्ण कुंडी पावसाच्या पाण्याच्या बादलीत रोपासकट बुडवून चोवीस तास सावलीत ठेवावी, आठवड्याने पुन्हा एकदा बुडवावी. रोप त्यातून सहज सावरते, मावा सावरत नाही.

खाऊ घालण्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. चार्ल्स डार्विन यांचे पुत्र फ्रान्सिस डार्विन यांनी १८७८ मध्ये दाखवले की खाऊ घातलेल्या रोपांना बी जास्त धरते. पण गॅलरीत ठेवलेल्या रोपाला चिलटे आपोआप मिळतात. घरात ठेवले असेल तर माशांच्या खाद्याची चिमूटभर पूड थेंबभर पाण्यात कालवून, महिन्यातून दोनदा, एक-दोन पानांना लावावी. पनीर, मटण, उकडलेले अंडे देऊ नये. पान पेलू शकत नाही, ते काळे पडून त्यावर बुरशी येते, आणि मग त्या काळ्या पानासाठी पुन्हा खताची शोधाशोध सुरू होते.

जे मरण आजाराचे नाही

ड्रोसेरा इंडिका वर्षायू आहे. पावसाच्या शेवटी तिला फुले येतात, बी धरते आणि सड्यावरचे गवत पिवळे पडते तशी तीही संपते. बर्मानीही पुष्कळदा वर्षभरातच आटोपते. डिसेंबरात ही रोपे गेल्याबद्दल हळहळ करणारे लोक कुंडी फेकून देतात, आणि तिच्यात पुढच्या वर्षीचे बी पडलेले असते. फुलांचे दांडे तपकिरी झाले की कागदावर झटकावेत. मिरपुडीहूनही बारीक काळे बी पडते. ते ओल्या मिश्रणावर नुसते भुरभुरावे, वर माती घालू नये, कारण त्याला रुजायला उजेड लागतो. इंडिकाचे बी उन्हाळाभर कोरडे ठेवून जूनमध्ये पेरावे.

रोपांच्या हौसेपायी कासवरून किंवा सड्यावरून रोप उपटून आणण्याचा विचार कोणाच्या मनात आला तर त्याला कळकळीची विनंती आहे की तसे करू नये. कासचे पठार राखीव आहे, २०१२ पासून जागतिक वारशात आहे, हे एक कारण. आणि ती रोपे सड्यावरून उपटली की बहुधा आठवडाभरही जगत नाहीत, हे दुसरे. छंद म्हणून रोपे वाढवणाऱ्यांकडून बियांपासून केलेले रोप घ्यावे.

सध्या ज्यांच्याकडे थेंब आटलेले रोप आहे त्यांनी आज एकच करावे. पाणी मोजून किंवा बदलून कुंडी वरून धुऊन घ्यावी, उजेडात ठेवावी आणि महिनाभर तिला दुसरे काही करू नये. कुंडी बदलणे, खत, फवारणी, जागा हलवणे, सगळे थांबवावे. रोप स्पॅटुलाटा, कॅपेन्सिस किंवा अडेलीचे असेल तर एक धडधाकट पान देठासकट खालच्या बाजूला ओढून काढावे आणि पारदर्शक डबीत दोन बोटे पावसाच्या पाण्यावर तरंगत ठेवून डबी ऊन न लागणाऱ्या उजेडात ठेवावी. तीन ते सहा आठवड्यांत त्या पानावर हिरवे ठिपके उमटतात, मग त्यांतून नखाएवढी पाने फुटतात, आणि मोहरीएवढ्या त्या रोपावरही भिंगातून पाहिले की प्रत्येक केसावर थेंब असतो.